हॉकीपुढे वर्ष का नाही?

पालकहो, गेल्या महिन्यात शेजारी चहाला गेले होते. त्यांची नात शिष्यवृत्तीच्या पुस्तकात डोकं घालून बसली होती. तिने मोठ्याने वाचलं, "महाराष्ट्रात एकूण जिल्हे किती?" झोपाळ्यावरून आजोबांनी लगेच सांगितलं, "सव्वीस." ओट्यापाशी उभी असलेली तिची आई म्हणाली, "काहीतरीच काय बाबा! एकतीस." मुलीने मागचं उत्तरांचं पान काढलं आणि दोघांकडे कीव आल्यासारखं बघितलं. "छत्तीस!"

पुढे घरोघरी होतं तेच झालं. आजोबा ओशाळं हसले, आई म्हणाली, "बरं, छत्तीस पाठ कर," आणि पान उलटलं गेलं. मला मात्र राहवेना. कारण तिघांचीही उत्तरं बरोबर होती. 1 मे 1960 ला राज्य झालं तेव्हा जिल्हे 26च होते, आणि आजोबा तेव्हा शाळेत होते. 1981 साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, जालना झाला. पुढच्या वर्षी लातूर आणि गडचिरोली, 1990 मध्ये मुंबई उपनगर. आईने शाळेत घोकले ते हे 31. मग वाशीम, नंदुरबार, हिंगोली, गोंदिया, आणि 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर.

मी आजोबांना म्हटलं, "तुमचे सव्वीस म्हणून दाखवा की." त्यांनी डोळे मिटले आणि साठ वर्षांपूर्वीच्या चालीत सुरुवात केली. मध्येच 'कुलाबा' आला, 'चांदा' आला. नात चमकली. "कुलाबा तर मुंबईत आहे!" मग आत्ताच्या रायगड जिल्ह्याला कुलाबा म्हणत असत हे निघालं, चांदा म्हणजे चंद्रपूर हे निघालं, आणि गडचिरोली त्याच चांद्याच्या पोटात होतं हेही निघालं. पोरीने नकाशा काढला. आई गॅस बंद करून बाहेर आली. चहा तिघांचाही गार झाला.

हे तुम्हाला सांगायचं कारण असं की मी टपालखात्यात तीस वर्षं काढली आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं रविवारी सकाळी आमच्या गावच्या वाचनालयात मुलांची प्रश्नमंजूषा घेतली. अजूनही घेते. त्यामुळे जनरल नॉलेज नावाच्या प्रकाराचं आईबापांना किती वेड असतं ते जवळून पाहिलं आहे. पाहुणे आले की तुमच्यातले बरेच जण मुलाला बैठकीच्या खोलीत बोलावता. "काकांना मंगोलियाची राजधानी सांग." मूल 'उलानबातर' म्हणतं, काका 'वा वा' म्हणतात, मूल एक चकली उचलून पसार होतं. त्या मुलाला मी एकदा विचारलं, आपल्या गावच्या ओढ्याचं पाणी पुढे कुठे जातं? त्याला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर त्याच्या बाबांनाही नव्हतं. तेही हसले, मीही हसले, पण घरी जाताना मला त्या हसण्याचं जरा वाईट वाटलं.

तुम्हाला नावं ठेवायला मात्र मी मोकळी नाही. एक जुनी गोष्ट सांगते, म्हणजे कळेल.

2010 सालचा पावसाळा. वाचनालयात अंतिम फेरी. माझ्या हातात बाजारातून आणलेल्या पुस्तकावरून उतरवलेली प्रश्नांची कार्डं. सहावीतल्या एका मुलाला मी विचारलं, "भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?" सोपा प्रश्न. समोरचे आईबाप आधीच माना डोलवायला लागले होते. मुलगा म्हणाला, "कुठलाच नाही." सभागृहात हशा पिकला. मी कार्ड पाहिलं, त्यावर 'हॉकी' होतं. शून्य गुण. त्याचा गट त्या एका प्रश्नाने हरला, आणि गटातल्या दोघांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून माझ्या लक्षात आहे. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

2012 साली वर्तमानपत्रात बातमी वाचली. लखनौच्या दहा वर्षांच्या एका मुलीने माहितीच्या अधिकारात सरकारला हाच प्रश्न विचारला होता आणि क्रीडा मंत्रालयाने उत्तर दिलं होतं की कुठल्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेलं नाही. माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. हॉकीत आपण 1928 पासून 1956 पर्यंत लागोपाठ सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली, लोकांनी कौतुकाने तो राष्ट्रीय खेळ मानला, पुस्तकवाल्यांनी छापलं आणि माझ्यासारख्यांनी कार्डावर उतरवलं. कुणी म्हणून तपासलं नाही.

त्याच संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेले. तो आता आठवीत होता, आवाज फुटायला लागला होता. माफी मागितली आणि विचारलं, "तुला तेव्हा कसं ठाऊक होतं रे?" तो आत जाऊन तेच पुस्तक घेऊन आला. माझ्याकडे होतं तेच! राष्ट्रीय मानचिन्हांचं पान. राष्ट्रध्वज, 22 जुलै 1947. राजमुद्रा, 26 जानेवारी 1950. मोर, 1963. वाघ, 1973. हॉकी, आणि पुढे काहीच नाही. तो म्हणाला, "सगळ्यांपुढे वर्ष आहे, हॉकीपुढे नाही. मग ठरवलं कधी? ठरवलंच नसेल असं मला वाटलं."

मी ते पान शंभरदा तरी पाहिलं असेल.

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही, का म्हणून."

तर पालकहो, त्या दिवसापासून माझ्या प्रश्नमंजूषेत उत्तर चुकलं तरी मुलाला एक वाक्य बोलायची मुभा असते: असं का वाटलं? बरोबर उत्तराला पाच गुण, चांगल्या कारणाला तीन. काही आईबापांना हे पसंत पडलेलं नाही. एक बाबा मला म्हणाले, "बाई, स्पर्धा परीक्षेत कारणाला गुण मिळत नाहीत." खरं आहे. पण त्यांचं पोर अजून तिसरीत होतं.

पाठांतराच्या मी विरुद्ध आहे असं मात्र समजू नका. पाठांतराला हसण्याची हल्ली एक फॅशन आली आहे, ती मला मान्य नाही. त्या आजोबांना सव्वीस नावं चालीवर पाठ होती म्हणून तर चांदा आणि कुलाबा हाती लागले. पाढे, नद्या, महिने, नक्षत्रं डोक्यात असावीतच. खुंटी असेल तर कपडा अडकवता येतो. माझी तक्रार एवढीच, की आपण भिंतभर खुंट्या ठोकतो आणि त्यावर काहीच अडकवत नाही.

अडकवायला लागतं ते घरातच असतं, त्यासाठी जाडजूड पुस्तकं आणायला नकोत. माझ्या खात्यातलंच उदाहरण घ्या. ऑनलाइन मागवलेलं खोकं दारात येतं, त्यावर पिनकोड असतो. मुलांना तो तोंडपाठ असतो, पण तो वाचायचा कसा हे माहीत नसतं. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. सहा आकडे. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. असे आठ विभाग भूगोलाचे आणि नववा सैन्याच्या टपालाचा. आपल्या विभागाचा आकडा 4, आणि त्यात महाराष्ट्राबरोबर गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही येतात. म्हणून मुंबई 400, गोवा 403, पुणे 411, नागपूर 440, इंदूर 452, रायपूर 492. पहिले तीन आकडे मिळून टपाल कुठल्या जिल्ह्याच्या छाटणीला जाणार ते ठरतं, शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिसचे. एका नावाची गावं आपल्याकडे किती! वडगाव म्हटलं की कुठलं वडगाव इथपासून सुरुवात. त्यात पत्ता कुणी मोडीसारख्या मराठीत लिहिणार, कुणी तमिळमध्ये. छाटणीला बसणाऱ्या माणसाचं डोकं फिरायची वेळ. यावर सहा आकड्यांचा तोडगा ज्यांनी काढला ते श्रीराम भिकाजी वेलणकर खात्यातले मोठे अधिकारी तर होतेच, शिवाय संस्कृतात काव्यं आणि नाटकं लिहिणारे पंडित होते. हे मी मुलांना सांगते तेव्हा त्यांचा विश्वासच बसत नाही. संस्कृतवाला माणूस आणि आकडे? मग मी त्यांना विचारते, संस्कृतवाल्याला आकडे येऊ नयेत असं तुम्हाला कुणी सांगितलं?

मुलांना मग खेळच मिळतो. मामाचा पिनकोड, आत्याचा पिनकोड, दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावरचा पिनकोड. बिस्किटं कुठल्या गावी झाली ते पुडा फोडायच्या आधी ओळखायचं.

नोट हेही असंच हाताशी असलेलं पान. वीस रुपयांच्या नव्या नोटेमागे वेरूळचं कैलास लेणं आहे, वरून खाली कोरत आणलेलं. नोटेच्या मागच्या बाजूला एक पट्टी असते, तीत पंधरा भाषांत तीच किंमत लिहिलेली. मराठी आठवी. कोंकणी सहावी. मुलांना विचारा, हा क्रम कसा लावला असेल? लोकसंख्येने? राज्याच्या आकाराने? पंधरा मिनिटं भांडू द्या. भाषांची नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने आहेत हे त्यांचं त्यांना सापडतं तेव्हाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पण मला सगळ्यात जास्त दमवलं ते एका दुसरीतल्या मुलीने. तिने विचारलं, "रविवारनंतर सोमवारच का येतो? बुधवार का नाही?" सगळी मुलं हसली, कारण रविवारनंतर सोमवारच येतो हे काय विचारायचं? मी हसले नाही, हॉकीने शहाणी केली होती. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. आणि आठवडाभर शोधलं.

गोष्ट मोठी छान आहे, आणि बोटांवर करून दाखवता येते. जुन्या काळी पृथ्वी मध्यभागी धरून आकाशात फिरणाऱ्या सातांना त्यांच्या चालीप्रमाणे ओळीत लावलं होतं, सगळ्यात संथ आधी आणि सगळ्यात चपळ शेवटी: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे तास चोवीस. प्रत्येक तासाचा, म्हणजे होऱ्याचा, एक मालक. पहिल्या तासाचा जो मालक, त्याचं नाव दिवसाला. आता रविवारी पहिला तास रवीचा, दुसरा शुक्राचा, तिसरा बुधाचा, चौथा चंद्राचा, असं ओळीने मोजत जायचं आणि ओळ संपली की पुन्हा शनीपासून. एकविसाव्या तासाला तीन फेऱ्या पूर्ण होतात, उरतात तीन तास: रवी, शुक्र, बुध. दिवस संपला. दुसऱ्या दिवसाचा पहिला तास कुणाचा? चंद्राचा. म्हणून सोमवार. चंद्रापासून पुन्हा तसंच मोजा, मंगळ येतो. मंगळापासून बुध. चुकतच नाही.

ही मोजणी मूळची ग्रीक आणि इजिप्ती जगातली. आपल्याकडे ती ज्योतिषाबरोबर आली आणि इतकी मुरली की आज उपास, देवदर्शन, आठवडी बाजार सगळं तिच्यावर चालतं. मध्य प्रदेशातल्या एरणच्या गुप्तकालीन स्तंभावर इ.स. 484 मधल्या एका गुरुवारची नोंद कोरलेली आहे. 'होरा' आणि इंग्रजी 'अवर' हे तर सख्खे चुलतभाऊ. सॅटर्डेमध्येही शनीच लपलाय, हे इंग्रजी शाळेतल्या मुलांना सांगा, त्यांना फार गंमत वाटते.

ती मुलगी सबंध वेळ बोटं मोजत होती. शनिवारपाशी पोहोचली, तिथून पुन्हा रविवारवर आली आणि म्हणाली, "बरोबर आहे." जणू मला तपासत होती. तपासतच होती.

आता फोनबद्दल. मूल काही विचारतं, आपण दमलेले असतो, आणि तोंडातून जातं, "फोनला विचार." फोन सांगतो, अर्ध्या सेकंदात सांगतो, आणि प्रश्न तिथेच मरतो. फोन घरातून हाकला असं मी म्हणणार नाही, मलाच लागतो. माझा नियम एवढाच: आधी घरातल्या प्रत्येकाने अंदाज सांगायचा, मग फोन. सर्वात उंच पर्वत कोणता? फोन म्हणेल एव्हरेस्ट, 8848.86 मीटर, 2020 ची मोजणी. ठीक. आता विचारा, उंच कुठून? समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट. समुद्राच्या तळातल्या पायथ्यापासून मोजलं तर हवाई बेटावरचा मौना केआ. आणि पृथ्वीच्या पोटातल्या मध्यबिंदूपासून मोजलं तर इक्वेडोरमधला चिंबोराझो, कारण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे आणि तो त्या फुगवट्यावर उभा आहे. प्रश्नातलाच एक शब्द कमी पडला होता. मुलांना हे एकदा कळलं की ती पुढे प्रत्येक 'सर्वात' वर बोट ठेवतात. घरच्यांना थोडा त्रास होतो. सहन करा.

आणि 'मला माहीत नाही' हे मुलांसमोर म्हणायला लाजू नका. विशेषतः बाबा लोकांनी. माझ्या अनुभवात आया हे सहज म्हणतात. बाबा काहीतरी ठोकून देतात आणि मग ते मूल रविवारी येऊन माझ्याशी भांडतं की माझे बाबा म्हणाले चंद्रावरून चीनची भिंत दिसते. चंद्र सोडाच, 2003 साली अंतराळात गेलेल्या यांग लिवेई या चिनी अंतराळवीराला ती पृथ्वीभोवती फिरतानाही दिसली नव्हती. आता हे मी त्या पोराला कसं सांगावं? बाबांची अब्रू सांभाळून सांगते. दर वेळी जमतं असं नाही.

माझ्या घरी परिस्थिती वेगळी आहे, असंही समजू नका. आषाढी एकादशीला आमच्याकडे सकाळपासून साबुदाण्याचा वास. माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई पाटावर, नात शेजारी, पुढ्यात खिचडी. नातीने सुटीत कुठूनसं वाचलं होतं की बटाटा आपला नाही. "हो," मी म्हटलं, "पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला. पोर्तुगीज घेऊन आले, बटाटा हा शब्दसुद्धा त्यांच्याचकडचा." तिने बटाट्याच्या फोडी बाजूला काढल्या. "शेंगदाणे?" तेही दक्षिण अमेरिकेतले. "मिरची?" मिरची मेक्सिकोकडची. त्याआधी तिखटासाठी आपल्याकडे मिरं होतं, म्हणून तर नव्या पाहुणीचं नाव मिरची पडलं. "साबुदाणा तरी?" मला जरा वाईट वाटलं, पण सांगितलं. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो ब्राझीलच्या बाजूचा. आपल्याकडे दाणे येतात ते तमिळनाडूतल्या सेलमहून. ताटात तूप आणि जिरं तेवढं राहिलं.

मुलगा हसायला लागला. म्हणाला, "म्हणजे आपण उपास करतो तो अमेरिकेच्या जिवावर!" माझा यावर एक अंदाज आहे. उपासाला वर्ज्य धान्यांची यादी जुनी, आणि हे सगळे कंद-दाणे नंतर आलेले. यादीत नावच नसलेल्याला कोण अडवणार? अंदाज म्हणूनच सांगितला. सासूबाई तोवर काही बोलल्या नव्हत्या.

नात बोटांवर काहीतरी हिशोब करत होती. ज्ञानेश्वरी 1290 ची हे तिला शाळेत शिकवलेलं. कोलंबस 1492 चा हे प्रश्नमंजूषेत पाठ झालेलं. दोन्ही खुंट्या तिच्या भिंतीवर कितीतरी दिवस शेजारीशेजारी होत्या. तिचा चमचा थांबला.

"पणजीआजी, मग ज्ञानेश्वर महाराज एकादशीला काय खायचे?"

सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. मीही. वरीचे तांदूळ, शिंगाडा, फळं असं काहीतरी माझ्या ओठांवर आलं होतं. सासूबाईंनी घास संपवला.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "उपास होता ना त्यांचा." आणि माझ्यापुढे ताटली सरकवली, "अजून थोडी वाढ. शेंगदाणे जास्त येऊ देत."